नाव घेऊन आभार: ख्रिस्ती घरात उपकारस्तुतीची सवय कशी लावावी

मराठी ख्रिस्ती घरांतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत एक वाक्य हमखास येतं: ‘हे प्रेमळ पित्या, तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो.’ वाक्यात खोटं काहीच नाही. पण ते इतकं तोंडात बसलेलं असतं की म्हणताना डोळ्यांपुढे एकही आशीर्वाद उभा राहत नाही. याच प्रार्थनेत पुढे मागण्या सुरू झाल्या की आवाज बदलतो. मग मंगळवारचा फिजिक्सचा पेपर येतो, भावाच्या अँजिओप्लास्टीची तारीख येते, बँकेत अडकलेलं कर्जाचं प्रकरण येतं. मागताना आपण देवाला सगळा तपशील देतो आणि आभार मात्र एका ओळीत उरकतो.

या लेखात मला सांगायचं आहे ते इतकंच की आभारही मागण्यांइतके नेमके हवेत. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल मागणी आणि आभार एकाच वाक्यात ठेवतो (४:६): कशाचीही चिंता करू नका, आपली मागणी आभारप्रदर्शनासह देवाला कळवा. हे पत्र त्याने बंदिवासात असताना लिहिलं आहे. म्हणजे सगळं सुरळीत असलेल्या माणसाचा हा सल्ला नाही.

एक आठवडा ‘सर्व’ हा शब्द बाजूला ठेवा

सुरुवात कौटुंबिक प्रार्थनेपासून करा. सात दिवस ‘सर्व आशीर्वाद’, ‘सर्व कृपादाने’ असे शब्द कोणीही वापरायचे नाहीत. प्रत्येकाने आज घडलेली एकच गोष्ट सांगायची. काल-परवाची किंवा एकंदर आयुष्यातली नको, आजचीच हवी. ती कितीही लहान चालेल: ‘नळाला पाणी लवकर आलं, टाकी भरून घेता आली.’ ‘एसटीत कॉलेजच्या एका मुलाने उठून आईला जागा दिली.’ ‘दुपारी डोकं दुखत होतं, संध्याकाळी थांबलं.’

पहिले दोन-तीन दिवस अवघडल्यासारखं होईल. कोणाला काही सुचणार नाही, सगळे एकमेकांकडे बघतील. ती शांतता भरून काढायला घरातल्या मोठ्या माणसाने आपली ठरलेली प्रार्थना सुरू करू नये, थांबावं. दिवसभर समोर असलेल्या गोष्टींकडे मागे वळून बघण्याची सवय अशा थांबण्यातूनच लागते. लहान मूल मांजरासाठी, पावसासाठी किंवा शाळेला मिळालेल्या सुट्टीसाठी आभार मानेल. ते तसंच राहू द्या. ‘असं नाही म्हणायचं, आईबाबांसाठी आभार मान’ अशी दुरुस्ती केलीत की पुढच्या दिवसापासून ते तुम्हाला आवडेल तेच बोलेल.

ताटासमोर

जेवणाआधीची प्रार्थना ही रोजची तयार जागा आहे, वेगळा वेळ काढावा लागत नाही. तिच्यात फक्त एक भर घाला: समोरच्या ताटातला एक पदार्थ निवडून तो कोणाच्या हातांतून आला ते आठवा. भाकरी असेल तर कोरडवाहू रानात ज्वारी काढणारी माणसं, ती दळून देणारा गिरणीवाला आणि तव्याजवळ उभं राहून भाकऱ्या थापणारी घरातली व्यक्ती. रोज सगळ्यांची नावं घ्यायला लागलात तर अन्न गार होईल. आज एक हात, उद्या दुसरा. आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती प्रार्थनेच्या वेळी ताटावर बसलेली असावी. ती गॅसजवळ उभी असताना बाकीच्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी आभार मानणं बरं दिसत नाही.

योहानाच्या ६व्या अध्यायात येशूने भाकरी हातात घेऊन आभार मानले तेव्हा त्याच्यापुढे एका मुलाच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या होत्या, आणि बसलेले पुरुषच सुमारे पाच हजार. शिष्याने आधीच विचारलं होतं की एवढ्यांना हे कसं पुरणार. आभार मानले गेले ते पुरेसं नसलेल्या अन्नासाठी, चमत्कार होण्याच्या आधी. महिनाअखेरीला डाळ पातळ झालेली असते त्या दिवशी हा अध्याय ताटासमोर वाचून बघा.

रात्रीची उजळणी

ही सवय एकट्याने करायची आहे. येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाच्या आत्मपरीक्षणाची पाच टप्प्यांची रीत घालून दिली. येशूसंघीय फादर आजही ती पाळतात, आणि प्रोटेस्टंट वाचकांनाही ती परकी वाटायचं कारण नाही, कारण तिच्यात बायबलबाहेरचं काहीच नाही. टप्पे असे: मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, आपलं पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, सकाळपासून आतापर्यंतच्या एकेका तासाची उजळणी, क्षमायाचना, आणि उद्यासाठी निश्चय, शेवटी प्रभूची प्रार्थना.

क्रम नीट बघा. आभार आधी आहेत, पाप नंतर. आपल्यापैकी बहुतेकांची सवय उलटी आहे. रात्री पाठ टेकली की ‘आज मी चिडलो, खोटं बोललो, बायबल वाचलं नाही’ ही यादी सुरू होते आणि तिच्यातच झोप लागते. देवाने दिवसभरात काय दिलं ते आधी मोजलं की चुकाही खऱ्या आकाराच्या दिसतात. आणि क्षमा मागायची ती कोणाकडे, हेही डोळ्यांपुढे असतं.

दहा मिनिटं पुरतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अंथरुणावर पडण्याआधी बसून करा. आडवं झाल्यावर तिसऱ्या टप्प्याच्या आतच झोप येते. थकलेल्या दिवशी पहिला टप्पा आणि प्रभूची प्रार्थना एवढंच करा, पण पहिला टप्पा सोडू नका.

वही

कुठलीही शंभर पानी वही चालेल. रोज तारीख आणि एक ओळ. ओळीत माणसाचं किंवा वस्तूचं नाव हवं, जागा हवी. ‘आज देवाने सांभाळलं’ असं लिहिलेलं सहा महिन्यांनी वाचलं तर काहीच आठवत नाही. ‘घाटात गाडीचा ब्रेक लागत नव्हता, समोर रस्ता मोकळा होता’ हे मात्र आठवतं. ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी तारीख लिहून जागा कोरी सोडा. ओढूनताणून लिहू नका.

इस्राएल लोकांना घेऊन यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातून बारा धोंडे आणवून गिलगालात उभे केले. पुढे मुलं विचारतील, ‘हे धोंडे कसले?’ तेव्हा त्यांना सांगता यावं म्हणून (यहोशवा ४). वहीचाही उपयोग तोच आहे. ती लपवून ठेवायची रोजनिशी नसावी, घरच्यांना वाचून दाखवता येईल अशी असावी.

घराचं स्वतःचं १३६वं स्तोत्र

स्तोत्रसंहितेतल्या १३६व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी एकच ध्रुपद येतं: त्याची दया सनातन आहे. मधल्या ओळींत आकाश, जलावर उभी केलेली पृथ्वी, मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, शत्रू राजांची नावंसुद्धा येतात, आणि अगदी शेवटी सगळ्या प्राण्यांना अन्न देणारा देव. म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीपासून ते रोजच्या घासापर्यंत.

महिन्यातून एकदा, शक्यतो रविवारी संध्याकाळी, हेच घरच्या इतिहासावर करा. एकाने एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद. पहिल्या ओळी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीकडे द्या:

‘बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बापाला सुकडी आणि रोजगार हमीचं काम मिळालं,’
कारण त्याची दया सनातन आहे.
‘आई मिशनच्या दवाखान्यात बाळंतीण झाली, दोघं वाचलो,’
कारण त्याची दया सनातन आहे.
‘चाळीतली खोली पडली त्या रात्री आम्ही मामाकडे होतो,’
कारण त्याची दया सनातन आहे.
‘दादाचा पाय बरा झाला,’
कारण त्याची दया सनातन आहे.

या वेळी नातवंडांना अशा गोष्टी कळतात ज्या एरवी कोणी सांगत नाही. आजोबा बोलायला लागले की घाई करू नका. त्यांची एक ओळ दहा मिनिटं चालली तरी ती दहा मिनिटं उपासनेचीच आहेत. घरात कोणी गाणारं असेल तर ध्रुपद ओवीच्या किंवा अभंगाच्या चालीत बसवा. मराठी मंडळीला टाळ-पेटीवर भजन म्हणायची सवय आहेच.

दुःखाच्या दिवसांत

या भागाबाबत आपल्या मंडळ्यांत बरंच दुखावणारं बोललं जातं, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

तरुण मुलगा गेलेल्या आईला कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं वचन आहे.’ वचन आहेच (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). पण अंत्यविधीच्या दिवशी ते तिच्या कानात सांगायचं काम तुमचं नाही. मुलं आणि संपत्ती गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांनी चांगलं केलं. त्यांचं चुकलं ते बोलायला लागल्यावर.

येशूचा मित्र लाजर वारला, त्याच्या कबरेजवळचा प्रसंग बघा, योहान ११. पस्तिसाव्या वचनात येशू रडला. एकेचाळिसाव्या वचनात त्याने वर पाहून म्हटलं की बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. दोन्ही एकाच अध्यायात, एकाच कबरेपुढे. रडणं उरकून आभार मानावे लागतात असं इथे नाही, आणि आभार मानले म्हणून आधीचं रडणं अविश्वासाचं ठरत नाही. लाजराच्या मरणाबद्दल मात्र येशूने आभार मानले नाहीत. त्या मरणापुढे उभं राहून, पिता ऐकतो याबद्दल मानले. हा फरक ज्याला कळला त्याला आपल्या कॅन्सरसाठी, अपघातासाठी, मोडलेल्या लग्नासाठी ओठांवर खोटे आभार आणावे लागत नाहीत.

मग अशा दिवसांत करायचं काय? पहिले काही आठवडे आभारांची वही बंद ठेवली तरी चालते. तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तेरावं जड वाटलं, कारण शेवटी ते गाण्याकडे वळतं, तर ८८वं वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात त्याला जागा आहे. नंतर कधीतरी, तुमच्या गतीने, एक नाव आठवेल: रात्रभर दवाखान्याच्या बाकावर तुमच्याजवळ बसलेली शेजारीण, न सांगता डबा आणून ठेवणारं कोणी. तिथून पुन्हा सुरू करा. आधी त्या माणसासाठी आभार माना. गेलेल्या माणसासाठी मानायचे आभार खूप उशिरा येतात आणि आले की ते खरे असतात.

दोन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘आहे त्यात देवाचे आभार मान’ असं सांगणं पाप आहे. तिला सुरक्षित जागा आणि साथ लागते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायला मंडळीतलं कोणीतरी तयार असायला हवं. आणि महिनोन्‌महिने कशातच मन लागत नाही, झोप नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर तो उपकारबुद्धीचा अभाव समजू नका, तो आजार असू शकतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांच्या गोळ्या ही सुद्धा देवाची देणगी म्हणून वहीत लिहिता येते.

दुसऱ्याकडे बघून मानलेले आभार

लूक १८मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून आभारच मानत होता: मी इतरांसारखा, या जकातदारासारखा नाही म्हणून. आपल्याकडे हीच प्रार्थना सहानुभूतीच्या आवाजात येते. ‘त्यांची अवस्था बघ, आपण किती बरे!’ मुलांना ताट संपवायला लावताना, सिग्नलवर भीक मागणाऱ्याकडे बघताना, मंडळीतल्या एखाद्या घरातली भांडणं कळल्यावर. त्यातून समाधान मिळतं, पण ते दुसऱ्याच्या दुःखावर उभं असतं, आणि आपल्याहून सुखी माणूस दिसला की लगेच संपतं. असं वाक्य तोंडाशी आलं तर त्याचं रूपांतर त्या माणसासाठीच्या प्रार्थनेत करा, आणि जमलं तर मदतीत.

माणसांना सांगणं

येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला (लूक १७), हा उतारा आपण सगळ्यांनी शब्बाथ शाळेत ऐकला आहे. एक गोष्ट सहसा सुटते: उरलेल्या नऊ जणांनी आज्ञा मोडली नव्हती. याजकांकडे जा, असं येशूनेच सांगितलं होतं आणि ते गेले. परत फिरला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका होता, ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती. उपासना, दशांश, उपवास सगळं नियमाने करूनही ज्याच्यामुळे बरं झालो त्याच्याकडे परत जायचं राहून जातं, ते असं.

मराठी घरात आपल्या माणसांचे आभार मानणं औपचारिक वाटतं. आईला ‘थँक यू’ म्हटलं तर ती म्हणते, ‘परकी आहे का मी?’ म्हणून आपल्या पद्धतीने सांगा. नेमकं काय केलं ते आणि त्याने काय झालं ते. ‘आई, तू सकाळी पाचला उठून डबा केलास, म्हणून मला पहिली गाडी मिळाली.’ सुनेने सासूला: ‘तुम्ही बाळाला सांभाळलंत म्हणून मला परीक्षा देता आली.’ सासूनेही सुनेला, आणि चारचौघांत. एवढं बोलून थांबा. त्याला जोडून ‘पण’ आणू नका.

पौलाने रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात हेच केलं आहे. एकामागून एक नावं आणि बहुतेकांपुढे कारण. फिबी पुष्कळांना आणि स्वतः पौलालाही साहाय्य करणारी. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. रूफाची आई त्याचीही आई झाली. हा अध्याय आपण वाचताना नावांची यादी म्हणून गाळतो. तो समोर ठेवून तुमचीही यादी करा: तुम्हाला पहिली प्रार्थना शिकवणारी शिक्षिका, फी भरायला हातउसने देणारे काका, मंदिर झाडणारा आणि घंटा वाजवणारा शिपाई. महिन्याला एकाकडे जा किंवा फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवून भागत नाही. म्हातारी माणसं यादीत वर ठेवा.

हातातून सुटलं पाहिजे

लेवीय ७मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणाचा एक नियम आहे: त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या अर्पणाचं मांस दुसऱ्या दिवशीही चालत असे, आभाराचं नाही. एक आख्खा पशू आणि वर भाकऱ्या एका कुटुंबाला एका दिवसात संपणार कशा? लोकांना बोलवावंच लागणार. माझ्या मते नियमाचा रोख तोच असावा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात तर स्पष्टच आहे. पहिल्या पिकाची टोपली आणायची, गुलामगिरीतून सुटल्याची हकीकत मोठ्याने सांगायची आणि मग लेवी (स्वतःची जमीन नसलेले देवसेवक) आणि उपरा यांच्यासह आनंद करायचा.

आपल्याकडे याचं जिवंत रूप हंगामाचा सण आहे. गावाकडच्या मंडळ्यांत त्या रविवारी वेदीपुढे ज्वारी-बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मुंबई, ठाणे, वसई पट्ट्यातला ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखला जाणारा स्थानिक कॅथलिक समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतो, त्यात भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी आणतात. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाजारातून सफरचंदांची पेटी उचलून नेण्याऐवजी स्वतःच्या कामातलं काही न्यावं: शिवणकाम करणाऱ्या बाईने शिवलेलं झबलं, शिक्षकाने दोन मुलांच्या मोफत शिकवणीचं लेखी वचन, इलेक्ट्रिशियनने मंदिराच्या वायरिंगचा एक दिवस. लिलावात बोली लावताना मोठेपणाची चढाओढ होते तिथे पंचांनी आधीच ठरवावं की काही वस्तू लिलावात न घालता त्याच दिवशी गरजू घरांत जातील.

वाढदिवसाला किंवा बरं झाल्यावर आभाराचं पाकीट देता तेव्हा आत कारणाची चिठ्ठी घाला. नुसतं नाव आणि रक्कम वाचली जाते तेव्हा मंडळीला रक्कमच आठवते. कारण वाचलं गेलं तर पाळक त्याच्यासाठी प्रार्थना करू शकतात.

वर्षअखेरची साक्ष

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्षी होतात. त्याआधीच्या आठवड्यात वही पहिल्या पानापासून वाचून काढा आणि त्यातला एकच प्रसंग निवडा. जास्तीत जास्त तीन मिनिटं. कोण, कुठे, काय घडलं एवढंच. ‘मी उपवास केला म्हणून देवाने बढती दिली’ अशी वाक्यं टाळा. तुमच्या मागच्या बाकावर उपवास करूनही नोकरी गेलेला माणूस बसलेला असतो. ज्याच्या हातून मदत आली ती व्यक्ती उपासनेला हजर असेल तर तिला आधी विचारून तिचं नाव घ्या. आणि वर्ष वाईट गेलं असेल, सांगायला चांगलं काही नसेल, तर पुढे जाऊन तेवढंच सांगा आणि मंडळीला म्हणा, माझ्यासाठी तुम्ही गा. त्या रात्री मंडळीने एक गीत त्या माणसाच्या वतीने म्हणावं.